कॉलेजची आर्थिक मदत (अमेरिका) : ऑफर लेटरं कशी ताडून बघायची आणि अपील कसं करायचं?

जाईजुई

नमस्कार मंडळी. लेक यंदा हायस्कूल संपवून कॉलेजला निघाली आहे. सगळीकडचे निकाल आले आणि आता तीन लेटरं समोर आहेत. १ मेपर्यंत एक ठरवून डिपॉझिट भरायचं आहे.

पहिलं एक खासगी विद्यापीठ, लेकीच्या मनातलं. वर्षाचा खर्च ८८,००० डॉलर. लेटरवर ठळक अक्षरांत "एकूण मदत ४२,५००" आणि खाली "तुम्ही भरायचे ४५,५००". दुसरं जरा लहान खासगी कॉलेज, खर्च ७०,०००, मेरिट स्कॉलरशिप २६,०००. तिसरं आमच्या राज्याचं विद्यापीठ, ३८,००० खर्चात ३,००० ची स्कॉलरशिप. नवऱ्याचं म्हणणं, पहिल्या दोघांत दीड हजाराचाच फरक आहे, तर तिला हवं तिथे जाऊ दे. मला पहिल्या लेटरात काहीतरी खटकतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न मोठा आहे. २०२४ मध्ये आम्ही पुण्यातला फ्लॅट विकला. नवीन लग्न झालं तेव्हा घेतलेला होता. सासूबाईंना पक्षाघात झाला, चोवीस तास बाई, फिजिओथेरपी, दोनदा हॉस्पिटल. फ्लॅटचा बहुतेक पैसा तिकडेच लागला आणि अजून लागतो आहे. पण विक्रीचा नफा त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये आल्यामुळे आमचं उत्पन्न जवळपास दुप्पट दिसतंय. २०२६-२७ च्या फाफ्साला (फेडरल मदतीसाठी भरायचा अर्ज) नेमकं २०२४ चंच रिटर्न लागतं. हे कॉलेजला कळवून फेरविचार करायला सांगता येतो म्हणे. कुणी केलंय का?

सह्यकडा

चांगला धागा, दरवर्षी एप्रिलमध्ये लागतोच. आधी ते ४२,५०० कशाकशाचे मिळून झालेत ते सांगा.

जाईजुई

ग्रँट ३४,०००, फेडरल डायरेक्ट लोन ५,५००, वर्क-स्टडी ३,०००.

सह्यकडा

तिथेच खटकतंय तुम्हाला. लोन ही मदत नाही, ते लेकीच्या नावावरचं कर्ज आहे. वर्क-स्टडी म्हणजे कॅम्पसवर काम मिळालं आणि तेवढे तास भरले तर पगार. ती रक्कम बिलातून वजा होत नाही, सेमिस्टरची फी ऑगस्टमध्येच भरावी लागते. म्हणजे ८८,००० मधून फक्त ३४,००० जातात, राहिले ५४,०००. दुसऱ्या कॉलेजात ७०,००० मधून २६,००० गेले, राहिले ४४,०००. फरक दीड हजाराचा नसून वर्षाला दहा हजारांचा आहे. राज्य विद्यापीठ ३५,०००.

हा प्रकार एकट्या तुमच्या लेटरात नाही. अमेरिकी संसदेची तपास संस्था जीएओ, तिने २०२२ च्या अखेरीस अहवाल दिला की ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च एकतर सांगतच नाहीत किंवा कमी दाखवतात. एका ठराविक नमुन्यात लेटर द्यावं अशी फेडरल सक्ती नाही, म्हणून प्रत्येकाचं लेटर वेगळं. काही ठिकाणी तर पालकांनी काढायचं पॅरेंट प्लस लोनसुद्धा मदतीच्या रकान्यात घालून "उरले शून्य" असं दाखवलेलं मी पाहिलं आहे.

आता पुढचं. खर्चाचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. त्यात फी, राहणं, जेवण हे कॉलेजला द्यायचे पैसे असतात आणि पुस्तकं, प्रवास, किरकोळ हे कॉलेजचे अंदाज असतात. एक कॉलेज प्रवासाला ५०० धरतं, दुसरं २,०००. एकाने हेल्थ इन्शुरन्स धरलेला असतो, दुसऱ्याने नाही. म्हणून पहिल्या प्रकारचे आकडे त्यांच्या वेबसाइटवरून घ्या आणि दुसऱ्या प्रकारात तिन्ही ठिकाणी तुमच्या घरचा अंदाज घाला.

आणि एका वर्षाचं गणित करू नका. दुसऱ्या कॉलेजचं मेरिट चारही वर्षं २६,००० च राहणार असेल आणि खर्च दरवर्षी ४ टक्के वाढला, तर चौथ्या वर्षी खर्च ७८,७०० च्या आसपास जातो आणि तुम्हाला ५२,७०० भरावे लागतात. मेरिट टिकवायला किती जीपीए (४ पैकी मार्कांची सरासरी) लागतो तेही विचारा. ३.० आणि ३.५ यांत इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी फार मोठं अंतर असतं.

मावळता_वारा

धाग्याचा विषय उपयोगी आहे, पण अपीलबद्दल मला मनापासून शंका वाटते. आपण दोघं कमावते, बऱ्या पगारावर. कॉलेजने काहीतरी दिलंय, त्यावर "अजून द्या" म्हणून हात पसरायचे? मंडईत भाजीला घासाघीस करावी तसं विद्यापीठाशी करणं मला जमणार नाही. शिवाय चिडून त्यांनी आहे तेही काढून घेतलं तर?

प्राजक्त_मिडवेस्ट

मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते. कॉलेजचं नाव सांगत नाही, पण टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगते.

मावळता_वारा, तुमची भावना समजते, माझे वडीलही असेच आहेत. पण इथे हात पसरणं नाही. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नवरून घराला किती खर्च झेपेल याचा एक आकडा काढतो. त्याला आधी ईएफसी म्हणायचे, २०२४-२५ पासून एसएआय म्हणतात. मधल्या काळात नोकरी गेली, कुणी आजारी पडलं, एकदाच मिळालेला पैसा उत्पन्नात आला, हे त्या फॉर्मला दिसत नाही. म्हणूनच उच्च शिक्षण कायद्याने आमच्या ऑफिसला प्रोफेशनल जजमेंट नावाचा अधिकार दिला आहे. प्रत्येक घराची परिस्थिती पाहून, कागद पाहून, आम्ही आकडे बदलू शकतो. असे सगळे अर्ज सरसकट नाकारायचं धोरण ठेवायला कॉलेजला आता कायद्याने बंदी आहे, आणि असा अर्ज करता येतो हे जाहीर करणंही बंधनकारक आहे. तुम्ही अर्ज केलात तर आमचं रोजचं कामच आमच्यासमोर येतं.

विचारलं म्हणून प्रवेश गेला किंवा ग्रँट कापली, असं मी पाहिलेलं नाही. कमी होऊ शकतं ते एकाच कारणाने. नवीन कागदांतून आधी न सांगितलेली मालमत्ता बाहेर आली तर. भारतातला भाड्याने दिलेला फ्लॅट, एफडी, प्लॉट हे सगळं फाफ्सात गुंतवणूक म्हणून लिहावं लागतं. "तिकडचं इकडे कुणाला कळतंय" हे डोक्यातून काढून टाका. राहतं घर आणि ४०१के (निवृत्तीची बचत) फाफ्सात धरत नाहीत. सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजं फाफ्साशिवाय मागतात तो वेगळा, सविस्तर फॉर्म) मागणारी कॉलेजं मात्र राहत्या घरातली इक्विटीही (घराची किंमत वजा कर्ज) विचारतात, आणि ती किती मोजायची हे प्रत्येकाचं वेगळं. हार्वर्ड, प्रिन्स्टन मोजत नाहीत, पेन विद्यापीठानेही आता सोडलं आहे.

जाईजुई, तुमची केस एकदाच मिळालेल्या उत्पन्नाची आहे. ती आम्हाला समजते, पण पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो की पैसा आता कुठे आहे. बँकेत पडून असेल तर तो मालमत्तेत मोजला जातो. खर्च झाला असेल तर कुठे झाला ते दाखवा.

जाईजुई

कागद आहेत सगळे, पण निम्मे मराठीत. ब्यूरोची बाई ठेवली त्याच्या पावत्या तर वहीतल्या पानावर हाताने लिहिलेल्या आहेत. आणि हे कुणाला पाठवायचं? मेरिट देणारं कॉलेज याने हलेल का?

प्राजक्त_मिडवेस्ट

दोन वेगळे रस्ते आहेत, ते एकत्र करू नका.

गरजेवर आधारलेली ग्रँट आमच्या ऑफिसकडून येते. तिथे परिस्थिती आणि कागद चालतात. मेरिट बहुतेक ठिकाणी अ‍ॅडमिशन ऑफिस ठरवतं. तिथे आजीच्या आजाराने फरक पडत नाही, सारख्या दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजची चांगली ऑफर किंवा वर्षाअखेरचे वाढलेले मार्क दाखवले तर कधीकधी पडतो. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित विद्यापीठं) मेरिट हा प्रकारच नाही, तेव्हा तिथे ते मागू नका.

पत्र एक पानाचं. आधी वेबसाइटवर बघा, बऱ्याच कॉलेजांचा यासाठी ठरावीक फॉर्म असतो, तो असेल तर तोच भरा. पहिल्या चार ओळींत आकडे यायला हवेत. साधारण असं : "आमच्या २०२४ च्या उत्पन्नात पुण्यातील फ्लॅटच्या विक्रीचा इतका नफा आहे, शेड्यूल डी सोबत जोडलं आहे. हे उत्पन्न पुन्हा येणार नाही. विक्रीतून हातात आलेल्या रकमेपैकी इतकी रक्कम वडिलांच्या आईच्या उपचारांवर खर्च झाली, तपशील तक्त्यात. २०२५ चं उत्पन्न इतकं आहे, रिटर्न जोडलं आहे. मदतीचा विचार २०२५ च्या उत्पन्नावरून व्हावा ही विनंती." लेक किती हुशार, किती लहानपणापासून तिचं हे स्वप्न, हे त्या पत्रात नको. ते अ‍ॅडमिशनने वाचलेलं असतं. "निगोशिएट" हा शब्दही नको, फेरविचाराची विनंती म्हणा.

मराठी पावत्यांचा इंग्रजीत तक्ता करा. तारीख, कशासाठी, रुपये, डॉलर. आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) दरवर्षीचा सरासरी विनिमय दर जाहीर करते, तोच वापरा म्हणजे वाद नको. वहीतल्या पानांचे फोटो जोडा आणि त्याच रकमा बँकेतून किंवा यूपीआयने गेल्याचं स्टेटमेंट जोडा. ते असलं की हस्ताक्षरातली पावती आम्हाला चालते.

सह्यकडा

प्राजक्त यांच्या प्रतिसादात एक भर, कारण माझ्या भावाच्या बाबतीत यानेच फरक पडला. भारतात विक्रीवर भरलेला टॅक्स तुम्ही अमेरिकी रिटर्नमध्ये फॉरेन टॅक्स क्रेडिट म्हणून घेतला असणार. त्याने तुमचा अमेरिकी टॅक्स कमी झाला, पण नफा उत्पन्नात पूर्ण राहिला. फाफ्साचं सूत्र उत्पन्नातून अमेरिकी टॅक्स वजा करतं, आणि तो क्रेडिटनंतरचा. म्हणजे भारतात भरलेले लाखो रुपये त्या सूत्राला दिसतच नाहीत, उलट तुमच्या हातात जास्त पैसा उरला असं त्याला वाटतं. फॉर्म १११६ (या क्रेडिटचा फॉर्म) जोडा आणि हे दोन ओळींत लिहा. इंडेक्स टू आणि खरेदीदाराने कापलेल्या टीडीएसचं सर्टिफिकेटही जोडा.

प्राजक्त_मिडवेस्ट

अगदी बरोबर. हे माझ्याकडे आजवर फार कमी जणांनी स्वतःहून सांगितलं आहे. सांगितलं नाही तर आमच्या लक्षात येईलच असं नाही.

डॅलसकर

आमची वेगळीच गत. मी एच-१बी (नोकरीचा व्हिसा), मुलगा एच-४ (माझ्यावर अवलंबून म्हणून मिळालेला व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं. मुलगा दुसरीपासून इथेच शिकला. फाफ्सा भरायला गेलो तर पात्रच नाही. याच्यात अपील वगैरे काही असतं का?

सह्यकडा

फेडरल मदत नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांच्यासारख्या ठरावीक गटांनाच मिळते, एच-४ त्यात नाही. त्यावर अपील नाही. पण बाकीची दारं बंद नाहीत. टेक्सासमध्ये एच-१बी, एच-४ वाल्यांना निवासी म्हणून इन-स्टेट फी मिळू शकते, रेसिडेन्सीचे प्रश्न नीट भरा. खासगी कॉलेजांची स्वतःच्या पैशातली मदत वेगळी असते. पण बहुतेक ठिकाणी एच-४ मुलाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, तेव्हा प्रत्येक कॉलेजला आधीच इमेल करून विचारा. मेरिट तर आहेच. यूटी डॅलस तुमच्या घराजवळच आहे, ते चांगल्या मार्कांच्या मुलांना उदार हाताने देतात. अलाबामा विद्यापीठाचं मेरिट जीपीए आणि टेस्ट स्कोअरच्या तक्त्यावर आधारलेलं असतं, आधीच अंदाज येतो.

आणि २१ वर्षांचा झाला की एच-४ संपतो. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जावं लागलं तर इन-स्टेट फी आणि स्कॉलरशिप टिकतील का, हे आत्ताच लेखी घ्या. तिसऱ्या वर्षी हा प्रश्न उभा राहिलेली दोन घरं माझ्या ओळखीत आहेत.

डॅलसकर

धन्यवाद. लेखी घेण्याचं डोक्यातच आलं नव्हतं.

ओंकारेश्वराजवळ

मी पुण्यातून वाचतेय. भाचा पुढच्या वर्षी बारावीनंतर थेट तिकडे अंडरग्रॅडला जायचं म्हणतोय. एफ-१ वाल्यांना हे अपील करता येतं?

प्राजक्त_मिडवेस्ट

विचारता येतं, पण अपेक्षा कमी ठेवा. बऱ्याच कॉलेजांत मदत हवी असं लिहिलं की परदेशी मुलांचा प्रवेशच अवघड होतो. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं परदेशी मुलांची गरज प्रवेशाच्या वेळी बघत नाहीत आणि नंतर पूर्ण भागवतात. मदत हवी असेल तर अर्जाच्या वेळीच मागायची. नंतर मागू म्हणाल तर काही ठिकाणी चारही वर्षं मिळत नाही. यावर वेगळा धागा काढा, इथे अवांतर होईल.

कोरी_पाटी

मी पालक नाही, इथेच वाढलेली मुलगी आहे, मराठी लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. माझ्या आईबाबांनी मला आकडे कधी सांगितलेच नाहीत. "तू अभ्यासाकडे बघ, पैशाचं आम्ही बघतो." प्रेमाने म्हणायचे. कॉलेज संपल्यावर मला कळलं की बाबांनी माझ्यासाठी पॅरेंट प्लस काढलं होतं आणि ते रिटायर होईपर्यंत फेडणार आहेत. मला आधी सांगितलं असतं तर मी आनंदाने स्टेटला गेले असते. जाईजुईताई, लेकीला तिन्ही लेटरं आणि घरचा खरा आकडा दाखवा प्लीज. सतराव्या वर्षी आम्हाला कळतं हे.

सह्यकडा

हे मनापासून लिहिलंत, आणि अत्यंत महत्त्वाचं आहे. १ जुलै २०२६ पासून नव्याने पॅरेंट प्लस काढणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा आली आहे. "उरलेलं प्लसमधून भागवू" हा विचार यंदापासून तसाही चालणार नाही. मुलांच्या नावे मिळणारं फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५००, मग ६,५००, मग ७,५००. त्यापुढचं सगळं खासगी बँकेचं कर्ज, आणि त्यावर बहुधा तुमची सही लागते.

मावळता_वारा

प्राजक्त यांचं वाचून माझं मत बदललं. माझ्या बायकोचे कामाचे तास गेल्या वर्षी निम्मे झाले, तेही दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नमध्ये दिसत नाही. यासाठीही लिहिता येईल?

प्राजक्त_मिडवेस्ट

नक्की. हेच सगळ्यात नेहमीचं कारण आहे. कंपनीचं पत्र आणि अलीकडच्या पे-स्टब जोडा. लवकर पाठवा, एप्रिलच्या अखेरीस आमच्याकडे ढीग असतो आणि पैसाही संपत आलेला असतो.

जाईजुई

अपडेट देते. लेकीला घेऊन बसलो, तिन्ही लेटरं एका तक्त्यात घातली. ५४,००० चा आकडा पाहून ती गप्प झाली, मग म्हणाली की असं असेल तर मी राज्य विद्यापीठात जाते. आम्ही म्हटलं, आधी पत्र तरी पाठवू. इमेल तिच्या नावाने गेलं, खाली आमच्या सह्या. फॉर्म १११६ चे दोन वाक्य घातले. ऑफिसने उलट विचारलं ते नेमकं त्याबद्दलच, आणि सासूबाईंच्या खर्चाबद्दल "पुढेही चालू राहणार आहे का" हे.

पहिल्या कॉलेजने ग्रँट ३४,००० वरून ४३,००० केली. म्हणजे भरायचे ४५,०००. दुसऱ्या कॉलेजच्या एड ऑफिसने नाही म्हटलं, पण अ‍ॅडमिशनने मेरिट २,००० ने वाढवलं, म्हणजे तिथे ४२,०००. आता अजूनच गोंधळ. धाकटा दोन वर्षांनी कॉलेजला जाईल.

प्राजक्त_मिडवेस्ट

धाकट्याचा मुद्दा फार मोठा आहे. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्सात आधी सूट मिळायची, ती २०२४-२५ पासून गेली. पण सीएसएस प्रोफाइल घेणारी बरीच कॉलेजं अजूनही दुसऱ्या मुलाचा विचार करतात. तुमचं पहिलं कॉलेज त्यातलं असेल तर दोन गोष्टी होतात. पुढच्या वर्षी २०२५ चं रिटर्न लागेल, त्यात फ्लॅटचा नफा नाही. त्यापुढे धाकटा कॉलेजात गेला की गरज वाढते, तशी ग्रँटही वाढू शकते. दुसऱ्या कॉलेजचं मेरिट मात्र तेवढंच राहील. त्यांना लेखी विचारा की दुसरं भावंड कॉलेजात गेल्यावर ग्रँट कशी ठरते. आणि त्यांच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये २०२५ चे आकडे घालून बघा. फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तो ठेवावाच लागतो.

जाईजुई

विचारलं. धोरण तसंच राहिलं तर भावंड धरतात, असं इमेलमध्ये लिहून आलं. हमी नाही, पण लेखी आहे. कॅल्क्युलेटरने २०२५ च्या आकड्यांवर ४१,००० च्या जवळ दाखवलं. पहिल्या वर्षी ५,५०० चं लोन लेक स्वतःच्या नावावर घेणार, बाकी आम्ही. तिने पहिलं कॉलेज निवडलं आणि डिपॉझिट भरलं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, त्यांनी डावा हात वर केला.

एक शेवटचं विचारते. बिलात हेल्थ इन्शुरन्सचे साडेतीन हजार लावलेत, ते भरावेच लागतात का? नवऱ्याच्या कंपनीचा इन्शुरन्स आहे.

प्राजक्त_मिडवेस्ट

अभिनंदन लेकीचं! नाही, वेव्हर (आपला इन्शुरन्स आहे म्हणून यातून सूट मागायचा फॉर्म) भरा. उन्हाळ्यात पोर्टल उघडतं आणि ठरावीक तारखेला बंद होतं, बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्याने भरावं लागतं. त्याआधी नवऱ्याला एचआरला विचारायला सांगा की तुमचा प्लॅन कॉलेजच्या राज्यात नेहमीचे डॉक्टर चालवून घेतो का. तिथे फक्त इमर्जन्सी कव्हर करणारा एचएमओ (ठरावीक नेटवर्कमधलेच डॉक्टर चालणारा प्लॅन) असेल तर वेव्हर नाकारलं जाऊ शकतं. आणि बाकीच्या दोन कॉलेजांना पोर्टलवरून नकार आजच कळवा. तुमच्यासाठी बाजूला ठेवलेला तो पैसा मोकळा झाला की आमच्यासारखी ऑफिसं तो अपीलवाल्यांना देतात.

मावळता_वारा

आम्हीही पे-स्टबसकट पत्र काल पाठवलं. उत्तर आलं की इथेच लिहितो.